दहाच का?

भाषा तयार करणारा माणूस वरून ओळखू येत नाही. शेअरबाजारवाला, पत्रिका बघणारा, होमिओपॅथीच्या गोळ्या खिशात बाळगणारा, हे सगळे पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडतात. हा मात्र चारचौघांसारखा चहा पितो, गुडघ्यांबद्दल बोलतो, पेन्शनवर नाराज असतो. मग बोलता बोलता तुमच्या तोंडून एखादा आकडा निसटतो. "गाडी पाच चाळीसची आहे," एवढंच तुम्ही म्हणता. त्याचे डोळे बारीक होतात. "चाळीस? कुठल्या पायात?"

आमचे मामा या जातीचे. एका बँकेत कॅशियर म्हणून उभी हयात गेली आणि निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी जगाला एक नवी भाषा द्यायचं मनावर घेतलं. तिला अजून नाव नाही. "बारसं बाराव्या दिवशी. आधी बारा अंक तर होऊ देत," असं ते म्हणतात. तिच्यात क्रियापदं मोजकी आहेत, विशेषणांचा विचार चालू आहे, पाण्याला शब्द नाही. मात्र त्रेचाळीस लाख वीस हजार ही संख्या तिच्यात एका दमात म्हणता येते. ती कुणी आणि कधी म्हणायची, हे विचारायची सोय नाही. विचारलं की दुपार गेलीच.

आई, भाकरी, पाऊस, लाज यांना नवे शब्द काढायचे म्हणजे कवीचं काम. आकडे त्या मानाने सरळ. दहा चिन्हं, दहा नावं, पुढे जोडत जायचं. रविवारी सकाळी बसलं की जेवणापर्यंत आटोपेल, अशा हिशेबाने मामा दोनशे पानी वही घेऊन बसले. ते अजून उठलेले नाहीत. या जातीची बहुतेक माणसं इथेच अडकतात, असं माझं निरीक्षण आहे. भाषेच्या दारात पाय ठेवताना उंबऱ्यावरच संख्या बसलेली असते, आणि ती म्हणते, आधी माझं बघा.

मूळ दुखणं मराठी आकड्यांचं. काउंटरच्या जाळीपलीकडून खातेदार पुटपुटायचा, "सत्त्याहत्तरशे", आणि पंख्याच्या घरघरीत मामांना ऐकू यायचं "अठ्ठ्याहत्तरशे". संध्याकाळी कॅश शंभराने कमी. ते शंभर मामांच्या खिशातून जायचे, आणि रात्री पानावर बसल्यावर मराठी भाषेचा उद्धार व्हायचा. "एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस… जिथेतिथे एक कमी, एक कमी. ठीक आहे, ऐकून घेतलं. पण शंभराच्या तोंडाशी आल्यावर एकदम नव्व्याण्णव! एकोणशंभर म्हणायला काय जीभ झडली असती?" मग शंभराची पाळी. एकटा असला की शंभर, शेजारी एक येऊन बसला की एकशे एक. साडेतीन चालतं, साडेचार चालतं, आणि साडेदोन म्हणणाऱ्या पोराला सगळा वर्ग हसतो. "आणि बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. तोंड एकीकडे, हात दुसरीकडे!" एवढं होईतो आमटी गार झालेली असे. मामी मुकाट्याने वाटी उचलून गरम करून आणायची.

जून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली. सत्तावीसला 'वीस सात' म्हणायचं. अवघ्या महाराष्ट्रात गदारोळ उठला. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, भाषा बुडाल्याचं जाहीर झालं. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना आकड्यांतली जोडाक्षरं जड जातात, दाक्षिणात्य भाषांत असंच दशक आधी बोलतात. त्या गदारोळात पेढे वाटणारा एकच गृहस्थ मला माहीत आहे. मामांनी सोसायटीत वॉचमनसकट सगळ्यांना पेढा दिला. संध्याकाळी मात्र चेहरा उतरला. विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं होतं की 'वीस सात' हीसुद्धा अर्धीमुर्धीच सुधारणा आहे. 'वीस' या शब्दात दोनही दिसत नाही आणि दहाही दिसत नाही. 'दोनदहा सात' हवं. आणि मुळात दहाच का?

"पेढे परत मागून आणू का?" मामीने विचारलं.

"दहाच का?" हे मामांचं ब्रीद आहे. न्हावी म्हणाला दहा मिनिटं थांबा, की "दहाच का?" न्हाव्याला वाटतं घाई आहे, तो "पाच मिनिटं थांबा" म्हणतो, आणि मामा आणखी वैतागतात. अख्ख्या बाजारात त्यांना मनापासून मान्य असलेला माणूस एकच, तो म्हणजे केळीवाला. तो डझनाने मोजतो. "खरा गणिती," मामा म्हणतात, आणि गरज नसताना त्याच्याकडून दोन डझन घेतात. घरात सदासर्वदा काळी पडलेली केळी असतात आणि शिकरणीवाचून सुटका नसते.

बाराचं तत्त्वज्ञान ऐकायचं तर समोर हात पसरून बसावं लागतं. मामा आपलं मनगट धरतात आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवून दाखवतात. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाले बारा. "जप करताना, पाळणाघराचे खाडे मोजताना, आपल्या बायका पेरांवरच मोजतात की नाही? बोटांवर मोजणं हे अडाण्याचं काम, पेरांवर मोजणं ही संस्कृती." दुसऱ्या हाताच्या पाच बोटांवर डझन मांडत गेलं की दोन हातांत साठ मावतात. घटकेची साठ पळं, दिवसाच्या साठ घटका, पंचांगातली साठ संवत्सरं, सगळी या दोन हातांतूनच निघाली असणार, असं ते छातीठोकपणे सांगतात. दहाला फक्त दोन आणि पाच यांनीच भाग जातो. बाराला दोन, तीन, चार, सहा. तीन भावांत वाटणी करायची असेल तर दहाचा पाया म्हणजे कोर्टकचेरीच. यावर बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही, कारण आजोबांच्या जमिनीची वाटणी तीन भावांतच झाली होती.

सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा मोडून सरकारने शंभर नवे पैसे आणले, तो दिवस मामांच्या लेखी राष्ट्रीय दुखवट्याचा. 1957 साल, महिना एप्रिल. "आणि तारीख बघ. एक एप्रिल," असं म्हणून ते थांबतात. समोरच्याने इथे हसायचं असतं. आम्ही हसतो.

मामांचा खरा त्रास घरच्यांपेक्षा यजमानांना होतो. लग्नाच्या पाकिटात ते एकशे पंचेचाळीस रुपये घालतात. बारा डझनांचा एक ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस, ते त्यांचं शंभर, आणि वर शकुनाचा एक. वधूपक्षाकडे आहेर लिहून घेणारा पोरगा पाकीट पुन्हा पुन्हा झटकतो, आत सहा रुपये अडकलेत का बघतो. एकदा एका यजमानांनी बिचाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की दीडशे ठेवायचे होते आणि सुट्टे कमी पडले, असं काही झालं का. मामांनी त्यांना द्वादशमान पद्धत समजावून सांगितली. त्या घरातून आम्हाला पुढच्या कार्याचं आमंत्रण आलं नाही.

एकसष्टीचीही तीच कथा. मुलांनी सभागृह बघून ठेवलं, आचारी ठरवला, आणि मामा म्हणाले, "मला कुठे एकसष्ट झाली? पाच डझन आणि एक. म्हणजे एक्कावन्न." समारंभ बारगळला. मग काही वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वाढदिवसाला, त्यांनी स्वतः पत्रिका छापून घेतली: सहा डझन आणि एक, एकसष्टी, अगत्य येण्याचे करावे. दूरचे नातेवाईक वय ऐकून चकित झाले. निम्म्यांना वाटलं मामा फार थकलेत, निम्म्यांना वाटलं आपण मामांना इतकी वर्षं उगाच मोठे समजत होतो. आता त्यांचं लक्ष सहस्रचंद्रदर्शनावर आहे. त्यांच्या सहस्रात सतराशे अठ्ठावीस पौर्णिमा बसतात. मामीने बोटांवरच हिशेब केला आणि ते वर्ष एकशे चाळिसाव्याच्या आसपास येतं असं सांगितलं. "तोवर फराळाचं काही करायला नको, एवढं तरी बरं झालं," ती म्हणाली.

आता मामांची प्रत्यक्ष रचना सांगितली पाहिजे, कारण ती खरोखर देखणी होती. एके रात्री त्यांना साक्षात्कार झाला की मराठीत बाराखडी आहे! बारा स्वर, बारा अंक. अ म्हणजे शून्य, आ एक, इ दोन, ई तीन, उ चार, ऊ पाच, ए सहा, ऐ सात, ओ आठ, औ नऊ, अं दहा, अः अकरा. व्यंजनाने स्थान दाखवायचं: म एककाचा, ब डझनाचा, ग ग्रोसचा. सत्तावीस म्हणजे दोन डझन तीन, अर्थात 'बिमी'. बहात्तर 'बेम'. लग्नाचं पाकीट 'गाबमा'. पाठांतर काही नाही, अपवाद नाही, तिसरीतलं पोर दहा मिनिटांत शिकेल. (दहाच का, असं मी विचारलं नाही. मोह झाला होता.) लिहिताना दहा आणि अकरा यांना एकेक नवं चिन्ह हवं, तर मामांनी दहाला 'ळ' दिला आणि अकराला 'ङ'. "ळ ला शब्दाच्या सुरुवातीला कुणी उभं करत नाही आणि ङ ला तर शाळेनंतर कुणी भेटतच नाही. दोघांनाही नोकरी लागली." त्या आठवड्यात मामा इतके खूश होते की मामीने त्यांच्याकडून बाथरूमचा नळ बदलून घेतला.

मामीने ती पद्धत शिकून घेतली. इथे मामी कोण आहे ते कळतं. आमच्यातल्या कुणी तो त्रास घेतला नाही; तिने मात्र पोळ्या लाटता लाटता 'म मा मि मी' घोकलं. कुकरच्या शिट्ट्या, धोब्याचे कपडे, वाळत घातलेले पापड, सगळं बाराखडीत. आणि पहिला घोळही पापडांचाच झाला. मामा म्हणाले सव्वीस आहेत, मामी म्हणाली सत्तावीस. दोघांनीही तोंडाने तोच शब्द उच्चारला होता. 'बिमि' आणि 'बिमी' यांत मराठी कानाला फरक पडेना.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मराठीच्या बाई राहतात. निवाडा त्यांच्याकडे गेला. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, लाल पेन मागितलं आणि म्हणाल्या, "मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो दीर्घ लिहायचा. म्हणजे तुमच्या भाषेत कुठल्याही संख्येच्या शेवटी दोन किंवा चार येऊच शकत नाहीत." मामा गप्प. "आणि विसर्ग तुम्ही म्हणून दाखवा बरं. म आणि मः. शून्य आणि अकरा. फोनवर?" मामांनी म्हणून दाखवलं. पुन्हा म्हणून दाखवलं. बाईंनी पानावर गुण द्यायचे तेवढे शिल्लक ठेवले. शुद्धलेखनाने या राज्यात आजवर पुष्कळांना रडवलं असेल, पण अंकगणित मोडून पाडल्याचं हे माझ्या पाहण्यातलं पहिलंच उदाहरण.

त्यानंतर मामा काही दिवस आर्यभटाच्या आश्रयाला गेले. आर्यभटाने 499 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नेमकं उलटं करून ठेवलं होतं: व्यंजनं अंकांची, स्वर स्थानांचे. क एक, ख दोन, असं म पर्यंत पंचवीस, पुढे य तीस, र चाळीस. इ आला की शेकड्याने गुणायचं, उ आला की दहा हजाराने. महायुगाची त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षं म्हणजे नुसतं 'ख्युघृ'. "आणि ऱ्हस्व-दीर्घात त्याने भेदच ठेवला नाही. दीड हजार वर्षांपूर्वी त्या मुलाला कळलं, आणि मला…" मामांनी वाक्य पुरं केलं नाही. मात्र युगातल्या चंद्राच्या फेऱ्या, पाच कोटी सत्त्याहत्तर लाख त्रेपन्न हजार तीनशे छत्तीस, यांचं आर्यभटी रूप त्यांनी तोंडपाठ केलं आहे: चयगियिङुशुछ्लृ. आलेल्या पाहुण्याला ते म्हणायला लावतात. जावई आला की हमखास. गेल्या दिवाळीत एका जावयाला त्यात उचकी लागली.

जगात आपले भाऊबंद आहेत, हे मामांना उशिरा कळलं. नातवाने मोबाइलवर शोधून दिलं आणि मामांचा ऊर भरून आला, पण थोडाच वेळ, कारण प्रत्येकात काही ना काही खोट निघालीच. झामेनहॉफने 1887 मध्ये एस्पेरांतो काढली. नियम चोख, वीस म्हणजे 'दुदेक', दोनदहा, अगदी मामांच्या मनातलं. पण सहाला 'सेस' आणि सातला 'सेप'. "काउंटरच्या जाळीपलीकडून ऐकून दाखव म्हणावं!" ऑक्सफर्डच्या टोल्कीनने आपल्या एल्फ लोकांना बारात मोजायला लावलं, तो मामांना सख्खा भाऊ वाटतो, फक्त त्याने सोबत एवढाल्या कादंबऱ्या का लिहिल्या ते कळत नाही. मार्क ओक्रँडने क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांना आधी तीनचा पाया दिला आणि मग दहावर आणलं. "एवढी शूर जात, शेवटी दहापुढे शरण!" पॉल फ्रॉमरने 'अवतार' या 2009 च्या चित्रपटासाठी नावी भाषा केली. त्या लोकांच्या हाताला चार बोटं, म्हणून मोजणी आठात. नातवाबरोबर मामा तो चित्रपट पाहून आले. गोष्ट काय होती, असं मामीने विचारलं तर म्हणाले, "बोटं बरोबर दाखवलीत."

या सगळ्यात मामीला आवडलेली भाषा वेगळीच. टोकी पोना. सोन्या लँग नावाच्या बाईंनी 2001 मध्ये ती मांडली आणि तिच्यात मोजायचं तर मुख्यतः एक, दोन आणि पुष्कळ. "ही कुणीतरी स्वयंपाक करणारी असणार," मामी म्हणाली. "मीठ एक चमचा, मिरच्या दोन, आणि पाहुणे पुष्कळ. एवढ्यात संसार होतो."

मधल्या काळात मामांनी पाया बदलायचा सपाटा लावला. आठ झाला, साठ झाला, थोडे दिवस सहासुद्धा होता. जुनी वही माळ्यावर, नवी वही टेबलावर. पेन्सिलीला टोक काढायचं, समासाची रेघ मारायची, 'अंतिम' असं लिहायचं आणि खाली दोन रेघा ओढायच्या, हा विधी मात्र दर वेळी तोच. माळ्यावर 'अंतिम' लिहिलेल्या वह्यांची चळत आहे. मी कधी तरी म्हणालो, "मामा, निदान एक ठरवा." त्यावर ते दुखावले. "ठरवलेलंच आहे. पण मग लक्षात येतं." काय लक्षात येतं ते ते सांगत नाहीत.

आमची एक मावसबहीण कोपनहेगनला असते. तिने फोनवर कुरकुर केली की इथे पन्नासला जे म्हणतात त्याच्या पोटात 'अर्धा-तिसरा गुणिले वीस' असा हिशेब आहे. मामांनी फोन खाली ठेवला नाही, अक्षरशः टाकला. "अडीच विसा! अगं, अडीच विसा पन्नास!" आमची पणजी गोवऱ्या विसाने मोजायची, तीन विसा, चार विसा. आणि आपला अडीच तरी कुठून आला? संस्कृतातल्या अर्धतृतीयातून, म्हणजे तोही अर्धा-तिसराच. औटकीतला, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यातला, औट हा असाच अर्धा-चौथा, आणि डेन्मार्कात सत्तर म्हणजे अर्धा-चौथा विसा. पणजी आणि डेन्मार्कचा राजा एकाच पद्धतीने मोजतात, या आनंदात मामांनी त्या दिवशी अडीचला माफ केलं. साडेदोनचा आग्रह सोडून दिल्याचं वहीत नोंदवलं, तारखेसह. नव्व्याण्णवला माफी नाही.

अशा माणसाचं घर कुणीतरी चालवत असतं, आणि तो आकड्यांत असताना कुणीतरी खरे आकडे सांभाळत असतं. मामांच्या घरी दूध, लाइटबिल, विम्याचा हप्ता, कामवालीचे खाडे, सगळं मामीकडे. ती मामांना कधी हसत नाही. नवा पाया आला की एकदाच विचारते, "हा किती दिवस?" आणि शिकते.

भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला आम्ही सगळे एका जुन्या पेढीवर गेलो होतो. गादीवर मालकांचे वडील बसलेले, वय झालेलं, चष्म्याला दोरी. मामा कोपऱ्यात स्टुलावर, वही मांडीवर. साडी मामीला पसंत पडली, किंमत पडली नाही. घासाघीस सुरू झाली. विकणाऱ्या पोराने गादीकडे पाहिलं. म्हातारबुवांनी मान न उचलता, जपाचं काहीतरी पुटपुटावं तसं म्हटलं, "अवारू."

मामीने साडीचा पदर उलटा करून विणकाम बघत म्हटलं, "अवारू कसलं? पोकू सोडा."

म्हातारबुवांनी चष्मा काढला. पोरगा तर साडीची घडी अर्धवट टाकून बघत राहिला. "ताई, कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"बार्शीची. वडिलांचं कापडाचं दुकान होतं."

मग आमच्या कुणाच्याच डोक्यात न शिरणारं काहीबाही दोघांत झालं, चहा आला, आणि उधानूवर सौदा पटला. म्हणजे तीनशे सुटले. म्हातारबुवांनी वर एक रुमाल दिला. मामा वही मिटून उभे होते. दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच त्यांनी तिला गाठलं. "हे काय होतं?"

"नंदभाषा. आमच्याकडे दुकानात बोलायचे. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून." आणि चपला घालता घालता तिने म्हणून दाखवलं: केवली, अवारू, उधानू, पोकू, मुळू, शेली, पवित्र, मंगी…

"पवित्र? सातला पवित्र का?"

"असेल काहीतरी."

"अगं, इतकी वर्षं मी… तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात."

रिक्षात मामा बराच वेळ बाहेर बघत बसले. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी विचारलंच. "पाया कुठला आहे पण तिचा?"

"दहा."

"दहाच का?"

"गिऱ्हाईक दहातच पैसे देत होतं म्हणून," मामी म्हणाली आणि पिशवी सावरून बसली.

हल्ली मामांच्या टेबलावर नवी वही आहे. वर 'अंतिम' लिहिलेलं नाही. उपरण्याखाली बोटं धरून भाव करणारे बैलबाजारातले दलाल, दुकानदारांच्या या गुप्त मोजण्या, सगळं ते गोळा करतायत. बाराचा विषय निघाला तर काढतात, पण पूर्वीचा आवाज नाही. केळी घरात एकच डझन येतात. मला वाटलं होतं मामीने एका बैठकीत सगळे शब्द लिहून दिले असतील. परवा फोनवर विचारलं तर मामा दबक्या आवाजात म्हणाले, "कसलं रे! दहापर्यंत दिले. पुढचेही येतात तिला, पण सांगत नाही. म्हणते, भाव फोडायचा नसतो."

"मग?"

"मग काय. काल दोन जुड्या मेथी निवडून दिली, तेव्हा अकरा मिळाला."

"काय म्हणतात अकराला?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मागून मामीचा आवाजही आला.

"ते सांगायचं नाही असं ठरलंय," मामा म्हणाले. "तू ये एकदा. लसूण सोलायचाय."